हेड बदललं म्हणजे कॅमही मोठाच घ्यायचा का?

उद्यमबागकर
जिप्सी किंगच्या १२९८ सीसी, १६ व्हॉल्व्हच्या इंजिनावर पोर्टिंग केलेलं (हवेच्या वाटा कोरून सुधारलेलं), मोठ्या व्हॉल्व्हचं तयार हेड (सिलिंडरवरचा, व्हॉल्व्ह असलेला भाग) बसवायची हौस बेळगाव, खानापूर, निपाणी भागात बरीच दिसते. हेड हातात आलं की पुढचा प्रश्न ठरलेला: कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) कुठला? आणि सल्लाही ठरलेला: मिळेल तेवढा मोठा. माझं मत उलट आहे. हेड खरंच चांगलं असेल तर कॅमला ड्युरेशन, म्हणजे व्हॉल्व्ह उघडा राहण्याचा डिग्रीत मोजलेला काळ, कमी पुरते.

मूळ हेडमधून हवा अडखळत जाते, म्हणून जास्त पॉवरसाठी व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडा ठेवावा लागतो. नवं हेड तेवढीच हवा कमी वेळात आत घेतं. मग वेळ कशाला वाढवायचा? लांब ड्युरेशनच्या कॅमवर पिस्टन वर यायला लागला तरी इनटेक व्हॉल्व्ह उघडाच असतो. कमी आरपीएमला आत आलेलं मिश्रण पुन्हा मॅनिफोल्डकडे ढकललं जातं, कॉम्प्रेशन पडतं, गाडी खालून ओढत नाही. जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाटात जाणाऱ्याला ओढ २००० ते ४००० आरपीएममध्ये लागते. कंपनीचा टॉर्कसुद्धा ४५०० ला आणि पॉवर ६००० ला आहे. तिथं ७५०० चा कॅम टाकून काय साधणार?

लिफ्टचंही, म्हणजे व्हॉल्व्ह किती उचलतो त्याचंही, तेच. व्हॉल्व्ह आपल्या व्यासाच्या पाव भाग उचलला की त्याच्या कडेची वाट व्हॉल्व्हच्या तोंडाएवढी होते. ३२ मिमीचा व्हॉल्व्ह असेल तर ८ मिमीला. त्यापुढं पोर्ट किती हवा देतो ते फ्लो शीटवर (कुठल्या लिफ्टला किती हवा गेली त्या मोजणीच्या कागदावर) दिसतं. आकडे ८.५ ला थांबत असतील तर १० मिमी लिफ्टनं फक्त स्प्रिंगचा जीव जातो.

तवंदी घाट
अण्णा, काय सांगूलासा हे? कमी ड्युरेशनच ठेवायची तर हेडवर पैसे कशाला घालायचे? मोठ्या पोर्टमध्ये कमी आरपीएमला हवेचा वेग आधीच पडलेला असतो. खालचा टॉर्क हेड बसवलं तेव्हाच थोडा गेला, छोटा कॅम तो परत आणत नाही. मग ते हेड जिथं काम करतं त्या वरच्या आरपीएमपर्यंत इंजिनाला जाऊ द्या. ऑटोक्रॉसला, चिखलात चाक फिरवायला पॉवर वरच लागते, आणि जिप्सीत लो रेशो गिअर आहे, खालची उणीव तो भरून काढतो.

लिफ्टचं गणित तर मला अर्धवट वाटतं. व्हॉल्व्ह सगळ्यात वरच्या लिफ्टला एकदाच पोचतो, पण ८ मिमीवरून दोनदा जातो, एकदा उघडताना, एकदा मिटताना. लिफ्ट ९.५ ठेवली तर ८ च्या वर तो जास्त वेळ राहतो. हवा त्या वेळात भरते. शीट सपाट झाली म्हणून लिफ्ट तिथंच तोडणं मला पटत नाही.

उद्यमबागकर
लिफ्टबद्दल तुमचं बरोबर आहे, थोडी पुढची लिफ्ट घ्यावी. पण ती ड्युरेशन न वाढवता घेतली तर लोबचा (कॅमवरच्या उंचवट्याचा) उतार तीव्र होतो, आणि तिथं स्प्रिंग कमी पडली की व्हॉल्व्ह लोबवरून सुटतो. पोर्टच्या वेगाबद्दल म्हणाल, तर निव्वळ मोठं भोक पाडलेलं हेड मी चांगलं धरतच नाही. गाइडजवळचं (व्हॉल्व्हची दांडी सरकते तिथलं) वळण आणि सीटचे (व्हॉल्व्ह मिटून टेकतो त्या कडेचे) कोन नीट केलेलं हेड कमी लिफ्टलाही जास्त हवा देतं. माझा मुद्दा अशाच हेडचा आहे.

बिडाचं काम
मी मशीन शॉपमधला माणूस. दोघांनीही ज्याला हात लावला नाही ते लिहितो, कारण गाड्या तिथं मरतात.

आपल्याकडे बहुतेक जण नवा कॅम आणत नाहीत, जुनाच घासून घेतात. घासून लोब उंच होत नाही, त्याचं बेस सर्कल (उंचवटा सोडून उरलेला गोल भाग) लहान होतं आणि त्यामुळं लिफ्ट वाढते. मग रॉकर (लोबची उचल व्हॉल्व्हला पोचवणारा दांडा) खाली बसतो, टॅपेटचा स्क्रू फिरवून व्हॉल्व्हकडे आणखी पुढं घ्यावा लागतो आणि रॉकरचा पॅड लोबवर भलत्या जागी टेकतो. त्यातून कॅम चिल्ड बिडाचा असेल तर आणखी अवघड. ओतताना साच्यात चिल (गार धातूचा तुकडा) ठेवल्यामुळं लोबची बाहेरची साल झटकन गार होऊन कडक होते. ती साल घासण्यात गेली तर लोब थोड्याच दिवसांत खाल्ला जातो आणि त्याची भुकटी ऑइलमधून बेअरिंगपर्यंत जाते. बेळगावात ओतकाम जाणणारी इतकी माणसं असताना, घासायच्या आधी आणि नंतर कडकपणा कुणी तपासून का घेऊ नये?

मोजायचं आणखी एक. पूर्ण लिफ्टला स्प्रिंगची वेटोळी एकमेकांना टेकायच्या आधी दीड मिमी मोकळीक हवी. पिस्टनवर ठसा उमटेल अशी मऊ चिकणमाती लावून इंजिन हातानं फिरवा. इनटेकला २, एक्झॉस्टला अडीच मिमीपेक्षा कमी अंतर असेल तर ते हेड बसवू नका. अंतर सगळ्यात कमी टीडीसीच्या (पिस्टन सगळ्यात वर असतो त्या जागेच्या) आगेमागे साधारण १० डिग्रीला होतं, नेमकं टीडीसीवर मोजून फसगत होते.

खानापूर रोड
माझी गाडी रोजची आहे, केए-२२ पासिंग. मोटार वाहन कायद्याच्या, गाडीतल्या फेरफाराबद्दलच्या, कलम ५२ चंही बघायला लागतं ना? शिवाय विक्रेत्यानं २६० डिग्रीचा कॅम सांगितला, दुसऱ्याकडं २२० चा आहे. लहान कुठला?

तवंदी घाट
कलम ५२ चा प्रश्न रोजच्या गाडीला आहेच. माझं सगळं म्हणणं स्पर्धेच्या गाडीपुरतं धरा.

उद्यमबागकर
दादा, नुसत्या डिग्रीवरून ते कळत नाही. एकानं व्हॉल्व्ह सीटवरून सुटल्यापासून मोजलं असेल, दुसऱ्यानं १.२७ मिमी लिफ्टपासून. दोन्ही कॅम जवळपास सारखे निघू शकतात. दोघांकडून एकाच लिफ्टवरचा आकडा मागा. फ्लो शीटवर दाब किती ते बघा. २८ इंच पाण्यावर मोजलेला आकडा १० इंचावरच्या आकड्याच्या १.६७ पट दिसतो, हेड तेच असतं. एक्झॉस्टचा फ्लो इनटेकच्या ७५ टक्क्यांहून बराच कमी असेल तर एक्झॉस्टची ड्युरेशन थोडी जास्त असलेला कॅम घ्या.

रोजच्या गाडीला लोब सेपरेशन (इनटेक आणि एक्झॉस्ट लोबच्या मध्यांमधला कोन) ११२ डिग्रीच्या आसपास ठेवा. १०६ वर ओव्हरलॅप (दोन्ही व्हॉल्व्ह एकदम उघडे असण्याचा काळ) वाढतो, आयडलिंग बिघडतं, ब्रेक बूस्टरला वॅक्यूम कमी मिळतो आणि मॅप सेन्सरवर (मॅनिफोल्डमधला दाब मोजणाऱ्या) चालणारं इंजिन पेट्रोलचं माप चुकवतं.

तवंदी घाट
११२ मला स्पर्धेच्या गाडीत सपक वाटेल, तिथं मी १०८ वरून हटणार नाही. पण खानापूर रोडसाठी हे मान्य. कॅम बसवताना डिग्री व्हील (क्रँकवर लावायची डिग्रीच्या खुणांची चकती) लावून तपासा. कॅमबरोबर आलेल्या कार्डावरचा आणि इंजिनातला आकडा जुळेलच असं नाही, हेड घासलेलं असेल तर बेल्टची लांबी तीच राहून कॅम मागं पडतो. तसं निघालं तर अ‍ॅडजस्टेबल पुली घ्या.

बिडाचं काम
खानापूर रोड, पुली घ्यायच्या आधी हेड किती मिमी घासलंय ते विक्रेत्याकडून लिहून घ्या.