मदत हवी आहे: मॉर्मन विनोदी सिनेमे मराठी प्रेक्षकांना दाखवताना

आमच्या फिल्म क्लबात 'बॅप्टिस्ट्स ॲट अवर बार्बेक्यू' (2004, दिग्दर्शक ख्रिश्चन वुइसा) दाखवायचा आहे. छोटंसं गाव, निम्मे मॉर्मन (अमेरिकेत सुरू झालेला, येशूला मानणारा पंथ), निम्मे बॅप्टिस्ट (एक प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथ), आणि त्यांना एकत्र आणण्यासाठी घातलेला बार्बेक्यूचा घाट. वाड्या-आळ्यांतले हेवेदावे पाहिलेल्या माणसाला कथा कळेलच, पण बारकाव्यांतले विनोद हुकतात.

सुरुवातीला दहाच मिनिटं बोलायचं आहे. सध्या एवढं ठरलंय: मॉर्मनांचा बिशप हा पगारी धर्मगुरू नसून नोकरी-धंदा सांभाळून मंडळी चालवणारा गावकरी असतो, कुणी कुठल्या वॉर्डात (म्हणजे स्थानिक मंडळीत) जायचं ते पत्त्यावरून ठरतं, म्हणून न पटणाऱ्या शेजाऱ्यालाही दर रविवारी भेटावंच लागतं, चहा, कॉफी, दारू वर्ज्य. रविवारची सभा 2019 पासून दोन तासांची झाली, त्याआधी तीन तासांची होती, म्हणून त्या काळातल्या सिनेमांत पेंगणारी पोरं दिसली तर नवल नाही. मॉर्मन आणि बॅप्टिस्ट नेमके कशावरून भांडतात, हे सगळ्यात महत्त्वाचं. बायबलच्या जोडीला 'बुक ऑफ मॉर्मन' हा मॉर्मनांचा ग्रंथ मानणं बॅप्टिस्टांना मान्य नाही. हे माहीत नसेल तर त्यांचा राग नुसता आडमुठेपणा वाटतो, आणि तो त्यांच्यावर अन्याय आहे.

मॉर्मनांचा बालेकिल्ला असलेल्या अमेरिकेतल्या यूटा राज्यात, विशेषतः प्रोव्हो किंवा सॉल्ट लेक सिटीत राहणाऱ्यांनी सांगावं: यात काय राहिलं? जाहीर खेळाची परवानगी कुणाकडून घ्यायची? आणि मराठी सबटायटल्सची एसआरटी फाइल यूटीएफ-8 या एन्कोडिंगमध्ये असूनही प्लेअरवर जोडाक्षरं तुटतात. फाँट बदलून भागेल, की सबटायटल्स चित्रातच छापून घ्यावीत?