आईला पुण्याला न्यायचं की सोलापुरातच ठेवायचं?

पूर्वभागातली लेक

आई ७८ वर्षांची. सोलापूरच्या पूर्वभागात, तेलुगू वस्तीत, अशोक चौकाजवळच्या घरात एकटी असते. बाबा यंत्रमाग चालवायचे, ते जाऊन सहा वर्षं झाली. मी पुण्यात, भाऊ हैदराबादला. गड्ड्याची जत्रा संपली त्याच आठवड्यात रात्री नळाला पाणी सुटलं म्हणून ती उठली आणि न्हाणीत पडली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. आता वॉकर धरून चालते. दिवसा अटेंडंट पुरवणाऱ्या ब्युरोची बाई असते, रात्री शेजारच्या काकूंचा भरवसा. महिन्याभरापासून गॅस चालू राहतो, बीपीची गोळी दोनदा घेतली जाते.

मी काही बोलले की भाऊ म्हणतो, "आईला वृद्धाश्रमात टाकणार का?" त्या एका शब्दापाशी बोलणं खुंटतं. म्हणून तीन महिने स्वतः फिरून बघितलं.

वृद्धाश्रमात निवारा, जेवण आणि सोबत मिळते, पण मी पाहिले तिथं माणूस स्वतःचं स्वतः करणारा हवा अशीच अट होती. आईला घेतलंच नसतं. ज्येष्ठांच्या वसाहती वेगळ्या, फ्लॅट आपला किंवा भाड्याचा, मेस, भजन, बोलावल्यावर डॉक्टर. त्या धडधाकट लोकांसाठी. असिस्टेड लिव्हिंगमध्ये अंघोळ, कपडे, गोळ्या यांना मदत असते आणि रात्री हाकेला माणूस. त्यापुढं अंथरुणाला खिळलेल्यांची शुश्रूषा, म्हणजे नाकातली नळी, कॅथेटर. स्मृतिभ्रंशाची केंद्रं आणखी निराळी, तिथं माणूस बाहेर भरकटू नये अशीच रचना असते.

माझ्या मते आईला असिस्टेड लिव्हिंगची गरज आहे आणि ते पुण्यात माझ्या घरापासून वीस मिनिटांवर आहे. चूक वाटत असेल तर स्पष्ट सांगा.

निवृत्त मास्तर

प्रकार नीट मांडलेत, पण निर्णय मला चुकीचा वाटतो. आई घरात तेलुगू बोलतात ना? माझ्या वर्गमित्राची आई पन्नास वर्षं बाजारात, बँकेत अस्खलित मराठी बोलली. डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, वाढला तशी मराठी गळून गेली, माहेरची तेलुगू तेवढी उरली. अशा आजारात मागाहून शिकलेली भाषा आधी सुटताना पुष्कळदा दिसते. त्यानं तिला पुण्यात चांगल्या केंद्रात ठेवलं होतं. स्वच्छ जागा, मुली प्रेमळ. ती दुपारभर "नीळ्ळु, नीळ्ळु" म्हणत राहायची आणि म्हातारी पाणी मागतेय हे कुणाला कळायचं नाही. पूर्वभागात कोपऱ्यावरच्या किराणावाल्यालाही कळलं असतं.

न्हाणीत दांड्या बसवा, कमोड करा, रात्रीचीही बाई लावा. पाणी कधीही सुटू दे, टाकी आपोआप भरेल अशी सोय करा. हे सगळं सोलापुरात होतं. गल्ली मात्र पुण्याला नेता येणार नाही.

ड्रेसिंगवाली सिस्टर

मास्तर, भाषेचं शंभर टक्के पटलं. घराचं नाही.

मी वीस वर्षं वॉर्डात काढली, आता घरोघरी ड्रेसिंगला जाते. होटगी रोडच्या एका मोठ्या बंगल्यात आजोबांच्या कमरेला हाडापर्यंत जखम बघितली. घरात चार माणसं, वर एक बाई. निजून असलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, रात्रीसुद्धा. दिवसभर राबलेल्या एका बाईकडून ते होत नाही. मुलं म्हणत होती, "आम्ही बाबांना घरीच ठेवलंय." त्या वाक्यात त्यांना समाधान होतं, आजोबांना जखम होती. आणि ब्युरो "नर्स" म्हणून पाठवतं ती पुष्कळदा नर्स नसते, चार घरं करून शिकलेली अटेंडंट असते. इंजेक्शन तिच्या हाती देऊ नका.

ताई, जागा निवडताना ब्रोशर बाजूला ठेवा. अंघोळ, कपडे, संडासला जाणं, पलंगावरून उठून बसणं, लघवी-शौचावर ताबा, जेवण या सहा गोष्टींतलं आई स्वतः काय करतात ते आठवडाभर लिहून काढा. केंद्रात रात्री दोन वाजता किती माणसं जागी असतात ते विचारा. आई खालावल्या तर तिथंच ठेवतील की घेऊन जा म्हणतील, हेही विचारा. ठेवणार असतील तर लिहून घ्या.

आणि विसरणं महिन्याभरातलं असेल तर त्याला लगेच डिमेन्शिया म्हणू नका. लघवीचा संसर्ग, सोडियम कमी होणं, थायरॉइड, बी-१२ची कमतरता, नवीन गोळी, यांनीही म्हातारं माणूस गोंधळतं. आधी तपासण्या करा.

विडी घरकुल

तुमचं सगळं बरोबर असंल. पण माझ्या आईनं चाळीस वर्षं विड्या वळल्या. तिची पीएफची पेन्शन महिना हजार रुपये, २०१४ साली किमान ठरली तेवढीच. असिस्टेड बोला, नर्सिंग बोला, आम्हाला कुठलं दार उघडं आहे? सत्तरच्या पुढच्यांना आयुष्मानचं पाच लाखांचं कार्ड २०२४ पासून मिळालंय, ते चांगलंच आहे. पण ते दवाखान्यात ॲडमिट झाल्यावर. घरी आल्यावर हगणंमुतणं काढणाऱ्या बाईचा पगार त्यातून निघत नाही. आईवडील आणि ज्येष्ठांच्या सांभाळाच्या २००७च्या कायद्यात निराधार ज्येष्ठांसाठी जिल्ह्याला निदान दीडशे जणांचा वृद्धाश्रम सांगितलाय. माझं म्हणणं एवढंच, घर की केंद्र हे भांडण पगारदारांचं आहे. आमच्यात सून विड्या वळत वळत सासूला बघते, आणि ती आजारी पडली की कुणीच नसतं. दिवसभर म्हातारी माणसं सांभाळणारं एखादं केंद्र वस्तीत झालं तर तिची मजुरी तरी बुडणार नाही.

विजापूर रोड ७४

मी स्वतः चौऱ्याहत्तर वर्षांचा, पत्नी नाही. सगळे तिच्याविषयी बोलताय, तिला कुणी विचारलं का?

माझा अनुभव मास्तरांच्या उलट आहे. मी आपणहून ज्येष्ठांच्या वसाहतीत गेलो. मुलाच्या फ्लॅटमध्ये सकाळी नऊ ते रात्री नऊ भिंतीशी बोलायचो, इथं बोलायला माणूस मिळतं. पण मी चालता-फिरता असताना गेलो, चार दिवस राहून बघितलं, अनामत कधी आणि किती परत मिळणार ते वाचून सही केली. सोलापूरचं घर विकलं नाही. घर मुलांच्या नावावर करायचंच असेल तर बक्षीसपत्रात सांभाळण्याची अट लिहा. त्याच २००७च्या कायद्यातलं कलम २३ आहे, अट मोडली तर बक्षीसपत्र रद्द करून मागता येतं. अट लिहिलेली नसली की सिद्ध करणं फार जड जातं. पोटगीचा अर्ज प्रांताधिकाऱ्यांकडच्या न्यायाधिकरणात करता येतो. मुलांवर तशी वेळ येऊ नये, पण आईबापांना माहिती असावी.

पूर्वभागातली लेक

सिस्टर, तपासण्या केल्या. बी-१२ फारच कमी निघालं, इंजेक्शनं सुरू झालीत. भावाला तुमची सहा कामांची यादी पाठवली. तो पहिल्यांदाच "वृद्धाश्रम" न म्हणता बोलला.

काका, काल आईला विचारलं. बराच वेळ गप्प राहिली, मग तेलुगूत म्हणाली, रात्रीची भीती वाटते. दिवसाबद्दल एक शब्द नाही, पुण्याबद्दलही नाही. मी तीन महिने दिवसाच्या सोयी बघत फिरले.

पुण्याचं मी सोडलेलं नाही मास्तर, मे महिन्यातल्या उन्हात पंधरा दिवस तिथं राहून बघायचं तिनं कबूल केलंय. तोवर रात्री आठ ते सकाळी आठ बाई हवी आहे. तेलुगू येणारी. अशोक चौक, दत्तनगर भागातली कुणी ओळखीची असेल तर सांगा.