भूतानचा निधी: मुद्दल का मोडायचं नाही

भूतानच्या पर्यावरण संवर्धन निधीबद्दल ‘एवढे डॉलर गुंतवून ठेवण्यापेक्षा सरळ झाडं लावा’ हा तुमचा मुद्दा तिथल्यापुरता तरी मला पटत नाही. तिथे झाडांची वानवा नाहीच. देशाच्या राज्यघटनेनेच किमान ६० टक्के भूभाग कायम जंगलाखाली ठेवायचं बंधन घातलंय. खर्च आहे तो असलेलं जंगल राखण्याचा: माणसं, त्यांचं प्रशिक्षण, डोंगरदऱ्यांतली गस्त. हा खर्च दरवर्षी येतो, आणि परदेशी देणगीचा प्रकल्प चार-पाच वर्षांत गुंडाळला जातो. मग पुढे काय?

म्हणून १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला भूतान सरकार, यूएनडीपी (संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम) आणि डब्ल्यूडब्ल्यूएफ (निसर्ग राखण्याचं काम करणारी जागतिक संस्था) यांनी मिळून हा निधी उभारला. जागतिक पर्यावरण सुविधेने (पर्यावरणाच्या कामांना पैसा पुरवणारी आंतरराष्ट्रीय यंत्रणा, जीईएफ) १ कोटी डॉलर दिले. मुद्दल गुंतवायचं आणि परताव्यातून कामं करायची. आपल्याकडे देवळाच्या दिवाबत्तीला जमीन लावून देत. पीक वापरायचं, जमीन विकायची नाही. अगदी तसंच.

बाजार पडला की परतावा आटतो, ही भीती मात्र रास्त आहे.

आणि एक, ‘भूतान फॉर लाइफ’ हा वेगळा निधी याच्याशी जोडू नका. २०१७ चा तो निधी ४ कोटी ३० लाख डॉलरचा, पण १४ वर्षांत खर्चून संपवायचा. त्या काळात देणगीचा वाटा उतरत जातो, सरकारचा चढत जातो. मला तर हीच रचना जास्त धाडसाची वाटते, कारण मुदत संपल्यावर सगळा भार भूतानने स्वतः उचलायचा आहे.