बॅटल रोयाल पाहिलाय? तुमचा अनुभव लिहा

किंजी फुकासाकूंचा 'बॅटल रोयाल' हा पिक्चर २००० साली जपानमध्ये लागला. शाळेच्या एका वर्गातली ४२ मुलं, एक बेट, गळ्यात फुटणारे पट्टे, तीन दिवसांत एकच जण उरायला हवा नाहीतर सगळ्यांचे पट्टे उडणार. ज्यांनी पाहिलाय त्यांच्या मनात काय राहिलं ते लिहा. मी सुरुवात करते.

मी पुण्यात हॉस्टेलला असताना पाहिला. बाकी रक्तपात विसरले, पण लाइटहाउसचा सीन नाही जात डोक्यातून. मैत्रिणी मिळून जेवण बनवतायत, हसतायत, एकीने हिरोसाठी विष घातलेलं ताट भलतीच मुलगी चाखते आणि कोसळते, की लगेच सगळ्या एकमेकींवर संशय घेऊन गोळ्या झाडतात. आम्ही सहाजणी रोज एकाच पातेल्यात मॅगी करायचो. त्या रात्री कुणी पातेलं काढलंच नाही.

*

मी उलटा आलो, पबजी या मोबाइल गेमवरून. १०० जण उतरतात, सर्कल लहान होत जातं, शेवटी एक उरतो. २०२० च्या सप्टेंबरात बंदी आली तेव्हा रिकाम्या वेळात वाचलं की गेमवाल्या ब्रेंडन ग्रीनला कल्पना याच पिक्चरवरून सुचली, म्हणून लावला. तिथेही बेटाचे भाग एकेक करून धोक्याचे होत जातात, बॅगेत नशिबाने जे हत्यार येईल ते, हिरोला तर भांड्याचं झाकण मिळतं, मला पबजीत हत्यार म्हणून मिळणारा आमचा फ्रायपॅनच आठवला. पण पिक्चरमध्ये मेलेल्यांची नावं स्पीकरवरून वाचतात हो. आम्ही नुसते किल मोजायचो. नंतर खेळलो, पण पहिल्यासारखं नाही जमलं.

*

मला पूर्ण नाही बघवला. कुजबुजणाऱ्या मुलीच्या कपाळात मास्तर चाकू फेकतो तिथेच बंद केला. परत लावायचा नाहीये.

*

वर नावांचं लिहिलंय ना, तेच माझं. मी नववीला शिकवतो. फुकासाकू स्वतः १५ वर्षांचे असताना युद्धात दारूगोळ्याच्या कारखान्यात कामाला होते, सोबत वर्गातलीच पोरं, तोफांचा मारा झाला तेव्हा जीव वाचवायला एकमेकांच्या अंगाखाली शिरली आणि नंतर प्रेतं उचलायचं कामही वाचलेल्यांवरच आलं. हे ज्याने भोगलं त्याने सत्तरीत हा पिक्चर केला. हे कळल्यावर मी परत पाहिला, तेव्हा फार रडलो. हजेरी मी पूर्वी नंबरने घ्यायचो, पटकन होते. आता नावाने घेतो. ५६ मुलं आहेत, चार मिनिटं जातात.