केरीचे टोपीवाले टीडी संसदेत गावच्या रस्त्यांवर बोलतात, त्याचा खरंच काही उपयोग होतो का?

केरीतली_सिस्टर

नमस्कार मंडळी, बरेच दिवस हे विचारायचं मनात होतं. मी चार वर्षं झाली काउंटी केरीत राहते, आयर्लंडच्या नैऋत्य टोकाला, आणि एका नर्सिंग होममध्ये नर्स आहे (इथे नर्सिंग होम म्हणजे म्हाताऱ्या माणसांची कायमची राहायची जागा, आपल्याकडचं बाळंतपणाचं नव्हे). हॉलमध्ये टीव्ही दिवसभर चालू असतो, कुणाचं लक्ष नसतं. पण डॉइलचं म्हणजे इथल्या संसदेचं कामकाज लागलं आणि इथले टोपीवाले अपक्ष टीडी (म्हणजे आपला खासदार) डॅनी हीली-रे बोलायला उभे राहिले की एक आजोबा, आयुष्यभर मेंढ्या पाळलेला माणूस, मला हात करून आवाज वाढवायला सांगतात. मग आजूबाजूच्या तीन-चार खुर्च्याही टीव्हीकडे वळतात.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ते रस्त्याकडेच्या झुडपांवर बोलत होते. काटेरी वेली रस्त्यावर येतात, बसचे आरसे तुटतात, समोरचं दिसत नाही, आणि पक्ष्यांच्या विणीसाठी 1 मार्च ते 31 ऑगस्ट झुडपं कापायला कायद्याने बंदी, असं काहीसं. मला तेव्हा खरंच वाटलं की हा विषय संसदेचा आहे का, आपल्याकडे हे ग्रामपंचायतीत सुद्धा कुणी ऐकणार नाही. मग पहिल्या हिवाळ्यात नाइट ड्युटी संपवून त्याच रस्त्याने घरी येत होते, एकच गाडी जाईल एवढा रस्ता, मधोमध गवत उगवलेलं, दोन्ही बाजूंनी झुडपं आत आलेली, समोरून ट्रॅक्टर आला आणि मला मागे जायलाही जागा दिसेना. त्या दिवसापासून त्या भाषणाबद्दल माझं मत बदललं.

माझ्याबरोबरची एक डब्लिनची मुलगी म्हणते ही सगळी 'पॅरिश पंप' पॉलिटिक्स, म्हणजे आपापल्या गावचा हापसा दुरुस्त करून मतं मिळवायची, देशाचं भलं त्यात नाही. आजोबांना मात्र तो आपला माणूस वाटतो. इथे जास्त वर्षं राहिलेल्या लोकांना विचारायचंय, नुसतं बोलून काही पदरात पडतं का? आणि अपक्ष असून यांना एवढं महत्त्व कसं?

---

लिफीकाठचा_देशपांडे

ताई, छान विषय काढलात. मी डब्लिनला 2004 पासून आहे, निवडणुका न चुकता बघतो, म्हणून जरा लांबण लावतो.

आधी मतदानाची पद्धत समजून घ्यायला लागेल, तिच्याशिवाय हीली-रे घराणं कळत नाही. इथे एका मतदारसंघातून 3 ते 5 टीडी निवडून येतात. केरी हा 5 जागांचा. मतपत्रिकेवर तुम्ही 1, 2, 3 असे पसंतीक्रम लिहिता, आणि एखाद्याला कोट्यापेक्षा (निवडून यायला लागणाऱ्या मतांपेक्षा) जास्त मतं पडली तर वरची मतं पुढच्या पसंतीच्या उमेदवाराकडे जातात. 2016 ला मायकल हीली-रेंना पहिल्या पसंतीची 20 हजारांवर मतं पडली. त्यांचे भाऊ डॅनी, जे अगदी शेवटच्या दिवसांत रिंगणात उतरले होते, त्यांना जवळपास 10 हजार. मायकलची वरची मतं ढिगाने डॅनींकडे वळली आणि एकाच घरातले दोघं भाऊ एकाच मतदारसंघातून संसदेत गेले. 2020 आणि 2024 लाही दोघं आलेच.

पण मूळ त्यांचे वडील, जॅकी हीली-रे, किलगार्व्हनचे. फिआना फॉल पक्षाचं आयुष्यभर काम केलं, 1997 ला पक्षाने तिकीट नाकारलं तसे साउथ केरीतून अपक्ष उभे राहिले आणि जिंकले. नेमकं त्याच वर्षी सरकार बनवायला फिआना फॉलचे नेते बर्टी अहर्न यांना बहुमताला थोडे टीडी कमी पडत होते. जॅकी, विकलोच्या मिल्ड्रेड फॉक्स, डोनेगलचे हॅरी ब्लेनी अशा अपक्षांनी पाठिंबा दिला आणि ते अल्पमतातलं सरकार पाच वर्षं पूर्ण टिकलं. पाठिंब्याच्या बदल्यात जॅकींनी मागितलं काय तर आपल्या भागातले रस्ते आणि कामं. ते म्हणायचे मी दुपारी मुख्य जेवण जेवणाऱ्या लोकांचा प्रतिनिधी आहे. शहरातले लोक संध्याकाळी ऑफिसातून येऊन डिनर करतात आणि शेतावर राबणारा माणूस भर दुपारी जेवतो, हा फरक आपल्याला वेगळा सांगायला नको. एवढ्या एका वाक्यात त्यांनी आपला अख्खा मतदार सांगून टाकला होता. 2011 ला ते निवृत्त झाले, जागा मायकलकडे आली, 2014 च्या डिसेंबरात जॅकी वारले.

आता तुमचा खरा प्रश्न, पदरात काय पडतं. माझ्या मते भाषणाने रस्ता होत नाही, आकड्याने होतो. सरकारला दोन-चार मतं कमी पडतात तेव्हा केरीचा रस्ता अचानक राष्ट्रीय प्रश्न होतो. नोव्हेंबर 2024 च्या निवडणुकीनंतरही तेच झालं. 174 जागांचं सभागृह, फिआना फॉल आणि फिना गेल दोघं मिळून काठावर, मग अपक्षांशी बोलणी आणि जानेवारी 2025 ला मायकल हीली-रे कृषी खात्यात राज्यमंत्री, वनीकरण त्यांच्याकडे. आणि त्याच वेळी सरकारला पाठिंबा देणाऱ्या अपक्षांना विरोधकांच्या वाट्याचा बोलायचा वेळ मिळावा का यावर एवढा गोंधळ झाला की टीशॉकची म्हणजे पंतप्रधानांची निवड एक दिवस पुढे गेली. बोलायच्या मिनिटांसाठी एवढं भांडण होतं यातच कळतं की ती मिनिटं या लोकांना किती मोलाची आहेत, कारण ती रात्री केरीत घरोघरी ऐकली जातात.

---

कॉर्कवाली_मीनल

मी थोडं विरोधात बोलणार आहे, राग मानू नका.

रस्ते, झुडपं सगळं मान्य. पण हेच डॅनी 2013 ला काउंटी कौन्सिलमध्ये (आपल्या जिल्हा परिषदेसारखी) असताना त्यांनी ठराव आणला होता की खेड्यातल्या एकट्या राहणाऱ्या लोकांना दोन-तीन ड्रिंक घेऊन छोट्या रस्त्यांवरून सावकाश गाडी चालवायचं परमिट द्या, आणि तो 5 विरुद्ध 3 मतांनी पासही झाला. स्वतः त्यांचा पब आहे. पुढे 2018 ला शेन रॉस वाहतूक मंत्री असताना कायदा कडक झाला, 100 मिलिलिटर रक्तात 50 ते 80 मिलिग्रॅम अल्कोहोल सापडलं की नुसत्या पेनल्टी पॉइंटवर सुटका नाही, तीन महिने लायसन्स बंद, तेव्हा या विधेयकाला ग्रामीण टीडींनी बोलून बोलून महिनोन्‌महिने लांबवलं. माझ्या ओळखीच्या घरातला एक तरुण मुलगा अशाच एका रात्री छोट्या रस्त्यावर गेला, समोरचा पिऊन चालवत होता. त्या आईसमोर बसून आल्यावर मला 'गावातल्या माणसाचा एकटेपणा' हे कारण ऐकवत नाही. एकटेपणा खरा आहे, मला मान्य आहे, पण त्याला उत्तर रात्रीची बस आहे.

आणि हवामान. 2016 ला डॉइलमध्ये डॅनी म्हणाले की हवामान वरच्या देवाच्या हातात आहे. या देशाच्या एकूण उत्सर्जनात शेतीचा वाटा एक तृतीयांशाहून जास्त, आणि शेतकऱ्यांचा सगळ्यात मोठा आवाज जर असं बोलत असेल तर शेतकऱ्यांचा जो खरा मुद्दा आहे तोही कुणी गंभीरपणे घेत नाही. नुकसान शेवटी त्यांच्याच लोकांचं होतं.

---

गोठ्यातला_अमोल

मीनलताई, शेवटचा मुद्दा एकदम पटला, पण शेतकऱ्याचा खरा मुद्दा काय तो इथे कुणीच सांगितला नाही, म्हणून लिहितो. मी संगमनेरचा, अॅग्री करून इकडे मास्टर्सला आलो आणि दोन वर्षं टिपररीत एका डेअरी फार्मवर काम केलं, 110 गाई, मी, मालक आणि मालकाचा मुलगा.

युरोपात 1984 पासून दुधाला कोटा होता, ठरलेल्या लिटरच्या वर घातलं की दंड. तो 2015 च्या मार्चअखेर उठला. त्याच्या आधीपासून इथलं सरकार शेतकऱ्याला सांगत होतं की वाढवा, दूध वाढवा, जगाला बटर आणि बाळांच्या दुधाची पावडर विकू. लोकांनी कर्ज काढून दूध काढायचे नवीन पार्लर बांधले, गाई घेतल्या. आणि मग 2022 च्या जुलैमध्ये ठरलं की 2030 पर्यंत शेतीने उत्सर्जन 25 टक्के कमी करायचं. वर नायट्रेटचा नियम. इथल्या चराऊ शेतकऱ्याला जनावरांच्या शेणखतातून हेक्टरी 250 किलोपर्यंत नायट्रोजन जमिनीत घालायची सवलत होती, ती नद्यांचं पाणी खराब होतंय म्हणून 2024 पासून बऱ्याच भागात 220 वर आली. म्हणजे एकतर गाई कमी करा नाहीतर जमीन भाड्याने घ्या, आणि सगळेच जमीन शोधायला लागले की भाडं कुठे जाणार सांगा. आमचा मालक रात्री किचनच्या टेबलावर कॅल्क्युलेटर घेऊन बसायचा, बँकेचा हप्ता तोच, गाई मात्र कमी. नदी घाण होते हे त्याला दिसत नव्हतं असं नाही, त्याच नदीत तो लहानपणी मासे पकडायचा. त्याचं म्हणणं एवढंच होतं की दहा वर्षांपूर्वी तुम्हीच वाढवा म्हणालात, आता गुन्हेगार मी एकटा कसा?

टर्फचंही तसंच. दलदलीतली माती विटांसारखी कापून उन्हात वाळवायची आणि चुलीत जाळायची, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. धूर वाईट, दलदल कार्बन धरून ठेवते, सगळं बरोबर. 31 ऑक्टोबर 2022 पासून दुकानात आणि ऑनलाइन टर्फ विकायला बंदी आली, स्वतःच्या हक्काच्या जागेतलं कापायला चालतं. रॉसकॉमन-गॉलवेचे मायकल फिट्झमॉरिस तर टर्फ कापणाऱ्यांच्या लढ्यातूनच पुढे आले आणि 2014 च्या पोटनिवडणुकीत टीडी झाले. हे लोक संसदेत ओरडतात तेव्हा शहरातल्यांना वाटतं मागासलेले आहेत, पण जिच्या घरात दुसरं हीटिंगच नाही त्या बाईचं बिल कोण भरणार हा प्रश्न त्यांच्याशिवाय फार कमी जण विचारतात.

---

मालवणी_खाजा

मी काय आयर्लंडला गेलो नाही, पण वराड आमच्या मालवण तालुक्यात, आयर्लंडचे माजी पंतप्रधान लिओ वराडकरांच्या वडलांचं गाव. 2019 च्या डिसेंबरात ते गावात आले होते तेव्हा केवढी गर्दी झाली होती. पण तिकडे ते डब्लिनचे टीडी होते, शहरातले, आणि त्यांच्या समोरच्या बाकांवर हे केरीवाले बसून गावं रिकामी होतायत म्हणून बोलायचे, हे आमच्याकडे कुणाच्या कानावरच नाही. आम्ही नावातच खूश. ताई, तुम्ही लिहिलेला रस्ता वाचून आमची पाणंद आठवली, दोन्ही बाजूला गडगा आणि वर वई, तीही पावसाळ्यात अशीच आत येते. आमच्याकडे पण पोरं मुंबईला आणि घरात म्हातारा-म्हातारी.

---

लिफीकाठचा_देशपांडे

मीनल, त्या मुलाबद्दल वाचून वाईट वाटलं, आणि दारूच्या कायद्यावर मी पूर्ण तुमच्या बाजूने आहे. पण एक सांगतो, तो विरोध लोकांना पटला कशामुळे तेही बघायला हवं. 2012-13 च्या आसपास 139 गार्डा स्टेशनं म्हणजे पोलीस चौक्या बंद झाल्या, बऱ्याचशा खेड्यातल्या. 2018 ला 159 पोस्टमास्तरांनी निवृत्तीचं पॅकेज घेतलं आणि त्यांची पोस्टं गेली. 2021 ला एका मोठ्या बँकेने 88 शाखा बंद केल्या. चौकी गेली, पोस्ट गेलं, बँक गेली, उरला पब, आणि मग डब्लिनचा मंत्री येऊन पबला जाण्यावर बोलतो, असं त्यांना दिसलं. कायदा बरोबरच होता, फक्त त्याच्याबरोबर बस यायला हवी होती. ब्रॉडबँडचंही बघा ना, खाजगी कंपन्यांना जिथे परवडत नाही अशा पाच लाखांहून जास्त घरा-दुकानांना फायबर द्यायचा करार नोव्हेंबर 2019 मध्ये झाला, खर्चावरून केवढी टीका झाली, आणि चारच महिन्यांत कोविड आला. तेव्हा त्या फायबरची किंमत सगळ्यांनाच कळली.

---

केरीतली_सिस्टर

सगळ्यांनी एवढं मनापासून लिहिलं, खूप आभार. अमोल दादा, तुमच्या मालकाचं वाचून डोळ्यात पाणी आलं, आमच्याकडे असे दोघं-तिघं आहेत ज्यांची मुलं शेत करणार नाहीत म्हणून सांगून गेली.

मीनलताई, तुमचं 'उत्तर रात्रीची बस आहे' हे मी आजोबांना सांगितलं. ते म्हणाले बस आली असती तर मी कशाला गाडी काढली असती. आणि मग आपणहून म्हणाले की त्यांच्या तरुणपणी पिऊन गाडी चालवणं कुणालाच चूक वाटायचं नाही, आणि त्यात त्यांचा एक मित्र गेला. डॅनींचं सगळंच त्यांना पटतं असं नाही तर, हे मला पहिल्यांदा कळलं.

देशपांडे काका, अजून एक. माझ्याकडे आयरिश पासपोर्ट नाही, मला मत देता येतं का?

---

लिफीकाठचा_देशपांडे

डॉइलसाठी नाही, त्याला आयरिश किंवा ब्रिटिश नागरिकत्व लागतं. पण काउंटी कौन्सिलच्या निवडणुकीत इथे राहणाऱ्या कुणालाही देता येतं, पासपोर्ट कुठलाही असो, 18 पूर्ण पाहिजे. 'चेक द रजिस्टर' नावाची सरकारी वेबसाइट आहे, तिथे पीपीएस नंबर (इथला आधारसारखा), जन्मतारीख आणि घराचा एअरकोड (इथला पिनकोड) टाकून नाव नोंदवता येतं. मागची निवडणूक 7 जून 2024 ला झाली, दर पाच वर्षांनी असते, म्हणजे पुढची 2029. आणि तुमच्या त्या रस्त्याच्या झुडपांचं काम कौन्सिलकडेच येतं, तेव्हा निवडणुकीची वाट न बघता आत्ताच रस्त्याचा नंबर आणि फोटो घालून तिथल्या रोड्स ऑफिसला ईमेल करा, ट्रॅक्टर आला ती वळणाची जागा नकाशावर दाखवा.

---

केरीतली_सिस्टर

नाव आजच नोंदवते. फोटो उद्या ड्युटीवरून येताना काढते, उजेडात.