करडईचं तेल अंगाला लावलं तर चालेल का?

थंडीची_मारी: पोटऱ्यांवर नखानं रेघ ओढली तर पांढरी उमटते इतकी कातडी सुकलीये. आंघोळीनंतर ऑलिव्ह ऑइल लावते, महाग म्हणून थेंब मोजून, पण दोन तासांत परत खाज. आता जिथं तिथं वाचते की स्किन बॅरियरला, म्हणजे कातडीच्या वरच्या राखणदार थराला, लिनोलेइक ॲसिड (तेलातलं एक फॅटी ॲसिड) पाहिजे, आणि आई म्हणते गप खोबरेल लाव. घरात सोलापूरहून आलेलं घाण्याचं करडई तेल आहे, ते लावू का? हसू नका प्लीज.

घाणेकर: हसतंय कोण! साध्या करडईच्या तेलात ७० टक्क्यांच्या वर लिनोलेइक असतं, सूर्यफुलात ६० च्या आसपास, खोबरेलात जेमतेम २. हे ॲसिड शरीर स्वतः बनवू शकत नाही आणि कातडीच्या वरच्या थरातल्या एका खास सेरामाइडला (कातडीतल्या चरबीचा एक प्रकार) तेच लागतं, नाही मिळालं तर पाणी उडत राहतं. १९२९ मध्ये अमेरिकेत बर (Burr) आडनावाच्या संशोधक नवरा-बायकोनं उंदरांच्या खाण्यातून चरबी पार काढून टाकली तर त्यांच्या अंगावर खवले आले, मग लिनोलेइक दिल्यावर सुधारले. तुझ्या ऑलिव्हमध्ये मुख्यतः ओलेइक हे दुसरंच फॅटी ॲसिड, ते उलट हा थर सैल करतं. तिथंच गडबड असणार.

चिकट_कपाळ: आईचं अगदीच चूक नाही हं, खोबरेल पाणी अडवून धरतं, फक्त लिनोलेइक देत नाही. मी मात्र शहाणपणा करून ओमेगा-३ साठी जवसाचं तेल तोंडाला लावलं, माशासारखा वास आणि उशीचा अभ्रा चिकट्ट!! नंतर कळलं की चित्रकार तेच तेल रंगात घालतात, हवा लागली की वाळून पापुद्रा धरतं म्हणून.

थंडीची_मारी: अभ्रा 😂 मग करडई किती लावू, आणि कधी?

घाणेकर: अंग ओलसर असतानाच, दोन्ही पायांना मिळून चमचाभर पुरे. तेलात पाणी नसतं, त्यामुळे कोरड्या पायावर चोपडून उपयोग नाही, आधी ओल पाहिजे. छोटी बाटली भरून अंधारात ठेव, कारण लिनोलेइकवालं तेल लवकर खवट होतं, वास बदलला की टाकून दे. बाजारची बाटली घेतलीस तर हाय ओलेइक लिहिलंय का बघ, करडई-सूर्यफुलाचे तसेही वाण असतात, मग सगळं मुसळ केरात. आणि कढत पाणी आणि घासणी आधी बंद कर बाई. भेगा पडून लस येत असेल तर तेल राहू दे, स्किनवाल्या डॉक्टरांना दाखव.

थंडीची_मारी: घासणीचं कसं ओळखलंत 🙈