अत्यवस्थ रुग्णात एबीजीऐवजी व्हीबीजी कितपत चालेल?

प्रश्न (निवासी डॉक्टर, मेडिसिन)

रक्तदाब कोसळलेल्या रुग्णाची मनगटातील नाडी हाताला नीट लागत नाही, तरीही दर काही तासांनी एबीजीसाठी, म्हणजे धमनीतील रक्तातले वायू आणि आम्लता तपासण्यासाठी, तिथेच सुई टोचावी लागते. शुद्धीवर असलेल्या रुग्णाला ही वेदना वारंवार देणे जिवावर येते. शिरेतील रक्ताच्या तपासणीवर, म्हणजे व्हीबीजीवर, कोणते निर्णय विश्वासाने घेता येतात आणि कोणत्या निर्णयांसाठी धमनीतीलच रक्त हवे, याबाबत अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

प्रतिसाद १ (अतिदक्षता तज्ज्ञ)

आपल्याला नेमके काय जाणून घ्यायचे आहे, हे नमुना घेण्याआधीच ठरवावे. रक्ताभिसरण ठीक असेल, तर शिरेतील पीएच (आम्लतेचे माप; आम्लता वाढली की तो घटतो) धमनीपेक्षा साधारण ०.०३ ते ०.०४ने कमी आणि बायकार्बोनेट (आम्ल शमवणारा रक्तातील घटक) सुमारे १ मिलिमोलने जास्त येते. त्यामुळे मधुमेहात रक्त आम्लधर्मी होते त्या डायबेटिक कीटोअ‍ॅसिडोसिसमध्ये निदानासाठी आणि उपचारांचा परिणाम पाहण्यासाठी व्हीबीजी पुरेसा असतो. तिथे केवळ सवयीने धमनी टोचत राहणे मला योग्य वाटत नाही. लॅक्टेट (ऊतींना ऑक्सिजन कमी पडला की वाढणारा पदार्थ) २ मिलिमोलच्या आत असेल, तर धमनीतही ते वाढलेले नसेल असे बहुधा धरता येते, मात्र वाढलेल्या लॅक्टेटचा आकडा दोन्हीकडे जुळेलच असे नाही.

खरी अडचण कार्बन डायऑक्साइडची आहे. सरासरी फरक ४ ते ६ एमएमएचजी एवढाच असल्याने आपण निर्धास्त होतो, पण एकेका रुग्णात तो याच्या कितीतरी पट असू शकतो. सीओपीडीच्या (श्वासमार्ग अरुंद होण्याचा फुफ्फुसांचा जुनाट आजार) रुग्णाचा शिरेतील आकडा ६२ आला, तर धमनीतील आकडा ५८ही असेल किंवा ४५ही, आणि या दोन आकड्यांवरून होणारे निर्णय अगदी वेगळे आहेत. उलट शिरेतील आकडा ४५च्या आत असेल, तर धमनीत कार्बन डायऑक्साइड लक्षणीय वाढलेला असण्याची शक्यता फारच कमी. म्हणून वाढ नाही ना, एवढे पाहायला व्हीबीजी चांगला आहे, पण व्हेंटिलेटरची सेटिंग ठरवण्यासाठी मी त्यावर विसंबत नाही.

ऑक्सिजनच्या बाबतीत शिरेतील आकड्यावरून धमनीतील आकडा काढताच येत नाही. तिथे पल्स ऑक्सिमीटर कामी येतो, पण हात-पाय गार पडलेले असतील, कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा असेल किंवा मेथेमोग्लोबिन (ऑक्सिजन वाहू न शकणारे हिमोग्लोबिन) वाढलेले असेल, तर त्याचे वाचन फसवे ठरते. अशा वेळी, तसेच एआरडीएसमध्ये (फुफ्फुसांना अचानक झालेली गंभीर इजा) पी/एफ रेशो, म्हणजे धमनीतील ऑक्सिजनचे दिलेल्या ऑक्सिजनशी गुणोत्तर, हवा असेल तेव्हा, एबीजी टाळू नये.

प्रतिसाद २ (बायोकेमिस्ट्री प्रयोगशाळा)

आमच्याकडे येणाऱ्या नमुन्यांत बराचसा फरक नमुना हाताळण्यातून पडतो. सिरिंजमध्ये हवेचा बुडबुडा राहिला, तर कार्बन डायऑक्साइड कमी दिसतो. रक्त गोठू नये म्हणून सिरिंजमध्ये घेतलेले द्रवरूप हेपरिन जास्त झाले, तर कार्बन डायऑक्साइड आणि आयनाइज्ड कॅल्शियम दोन्ही खोटे कमी येतात. नमुना तसाच पडून राहिला, तर रक्तपेशी ग्लुकोज वापरत राहतात आणि लॅक्टेट वाढते. पोटॅशियम अनपेक्षितपणे जास्त आले, तर आधी हिमोलिसिसची, म्हणजे नमुन्यातील रक्तपेशी फुटल्याची, शंका घ्यावी, कारण गॅस मशीनमध्ये अख्खे रक्त जाते आणि पेशी फुटल्याचे डोळ्यांना दिसत नाही. शिरेतून रक्त घेताना टूर्निकेट (हाताला बांधायचा पट्टा) फार वेळ आवळून ठेवू नये आणि रुग्णाला मूठ उघडझाप करायला सांगू नये. नमुना कुठून घेतला, हातातून की सेंट्रल लाइनमधून (हृदयाजवळच्या मोठ्या शिरेतील नळी), हे फॉर्मवर अवश्य लिहावे. ते नसेल तर आकड्यांचा अर्थ लावणे अवघड होते.

पुन्हा प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. माझे बहुतेक रुग्ण शॉकमध्ये असतात, म्हणजे ऊतींना पुरेसे रक्त पोहोचत नसते. त्यांच्यातही पीएचमधला ०.०३चा तो फरक धरून चालता येईल का?

प्रतिसाद ३ (अतिदक्षता तज्ज्ञ)

नाही, शॉकमध्ये तो हिशेब मोडतो. रक्तप्रवाह मंदावला की ऊतींमध्ये तयार झालेला कार्बन डायऑक्साइड वाहून नेला जात नाही, तो शिरेत साचतो आणि दोन्ही नमुन्यांतले अंतर वाढत जाते. हृदय बंद पडल्यावर सीपीआर चालू असताना धमनीतील पीएच जवळजवळ नॉर्मल दिसूनही शिरेतील रक्त खूप आम्लधर्मी असू शकते, आणि त्या वेळी ऊतींची खरी अवस्था शिरेतलाच नमुना दाखवतो. म्हणून शॉकमध्ये मी आर्टिरियल लाइन (धमनीत ठेवायची नळी) टाकतो, म्हणजे वारंवार टोचण्याचा प्रश्नच उरत नाही, आणि सेंट्रल लाइनमधूनही त्याच वेळी नमुना घेतो. दोन्हींतील कार्बन डायऑक्साइडचा फरक ६ एमएमएचजीपेक्षा जास्त आला, तर कार्डिअ‍ॅक आउटपुट (हृदय दर मिनिटाला पुढे ढकलते ते रक्त) अपुरे आहे का, हे पाहायला लगेच इको (हृदयाची सोनोग्राफी) करावा. हातातील शिरेच्या रक्तावर हे गणित करू नये, कारण ते त्या एका हातापुरतेच सांगते.